बारा वर्षांचं टेबल आणि दोन वर्षांची पदवी

पत्र असं आहे:

"मॅडम, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, वय ३५. बी.कॉम. झाले २०११ ला. बेळगावातल्या एका क्रेडिट सोसायटीत बारा वर्षं आहे. आधी कॅशला होते, आता कर्ज विभागात. हातात सतरा हजार येतात. मिस्टर उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर आहेत. मुलगी पाचवीत, घरी सासूबाई. अलीकडे हप्ते थकलेल्या बायका माझ्या टेबलासमोर बसून रडतात. बाकीचे स्टाफ त्यांना माझ्याकडेच पाठवतात. वसुली मला आवडत नाही, पण त्यांचं ऐकायला आवडतं. मला समुपदेशक व्हायचंय. एका एजंटानं ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी सुचवलंय. साठ हजार, घरी बसून, 'दोन वर्षांचं एका वर्षात करून देतो' म्हणतो. पंधरा तारखेच्या आत दहा हजार भरायचे आहेत, तीनच सीट शिल्लक आहेत म्हणे. मिस्टर म्हणतात, कर. सासूबाई म्हणतात, या वयात काय शिकायचं ते. मला मात्र बारा वर्षं वाया गेल्यासारखी वाटतात. नोकरी सोडू का? आणि एक विचारते, हसू नका. वर्गात बसायची वेळ आलीच, तर विशीतल्या पोरांत मला लाज वाटेल का?"

ताई,

आधी त्या दहा हजारांचं. भरू नका. बाकीचं उत्तर सवडीनं वाचा, पण पंधरा तारीख जवळ आली म्हणून हे वरच लिहिलं.

मानसशास्त्राचे नवे प्रवेश ऑनलाइन किंवा दूरशिक्षणातून घेता येत नाहीत. केंद्रानं २०२१ मध्ये आरोग्याशी संबंधित व्यवसायांसाठी एक राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा केला. फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, लॅब आणि डायलिसिसचे तंत्रज्ञ त्यात आले, तसे मानसशास्त्रवालेही आले. त्या कायद्याला धरून विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले. जे आधीपासून शिकत होते त्यांची गोष्ट वेगळी. तुमच्या एजंटाला हे एक तर ठाऊक नाही, नाहीतर चांगलंच ठाऊक आहे, आणि दोन्हींत पैसे तुमचेच जाणार. शिवाय 'दोन वर्षांचं एका वर्षात' ही भानगड काय? एक वर्षाची पदव्युत्तर पदवी आली आहे, पण ती चार वर्षांची पदवी केलेल्यांसाठी. तुमची बी.कॉम. तीन वर्षांची, म्हणजे तुम्हाला दोन वर्षं. कर्ज 'करून देतो' म्हणणारी माणसं तुमच्या सोसायटीच्या पायरीवर रोज उभी असतील. पदवी 'करून देतो' म्हणणारा त्यांचाच भाऊबंद समजा.

आणि समजा, तुम्ही नियमित कॉलेजात जाऊन एम.ए. सायकॉलॉजी केलंत, तरी एक गोष्ट बऱ्याच जणांना पदवी हातात आल्यावर कळते. नुसत्या एम.ए.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी १९९२ च्या कायद्यानं आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, आणि ती मिळायला परिषदेनं मान्य केलेलं रुग्णालयातलं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं. त्या जागा मोजक्या. शिवाय बऱ्याच विद्यापीठांत एम.ए.च्या प्रवेशालाच पदवीला मानसशास्त्र विषय असावा लागतो. यूजीसीनं २०२४ च्या आराखड्यात प्रवेश परीक्षा देऊन कुठल्याही शाखेतून कुठल्याही विषयाकडं वळायला मोकळीक दिली आहे खरी. पण त्या त्या विद्यापीठाचं माहितीपत्रक काय म्हणतं ते शेवटी खरं.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. १९८८ पासून नऊ वर्षं उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सँड लॅबला होते. साच्याच्या वाळूत ओल किती, दाबाला ती किती टिकते, हवा किती जाऊ देते, हे प्रत्येक पाळीत मोजून वहीत लिहायचं. कास्टिंगला फुगे आले की पहिली हाक लॅबला. 'मॅडम, सँड बघा.' सँड ठीक असली तरी 'सँड बघा.' घरी आल्यावर नखांतली काळी वाळू काढत मी कादंबऱ्या वाचायची. एक दिवस ठरवलं, मराठी शिकवायचं. कोल्हापूरला बाहेरून एम.ए.ला नाव घातलं, रात्री अभ्यास, परीक्षेला एस.टी.नं कोल्हापूर. मार्क चांगले पडले. मग २००३ मध्ये महाराष्ट्राची सेट, म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणारी राज्याची पात्रता परीक्षा, पहिल्या फटक्यात पास झाले. गल्लीभर पेढे वाटले.

त्यानंतर इथल्याच एका कॉलेजात जागा निघाली. फाईल घेऊन गेले. तिथल्या क्लार्कनं माझं सेटचं प्रमाणपत्र पुढून बघितलं, मागून बघितलं आणि म्हणाला, "हे इकडं चालत नाही वो. तिकडचं आहे हे."

खरंच चालत नव्हतं. जून २००२ नंतरची सेट ज्या राज्याची, त्याच राज्यात धरतात. महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोव्यात, कर्नाटकाची कर्नाटकात. देशभर चालते ती नेट. नियम लपवलेला नव्हता, मी वाचला नव्हता. मला प्राध्यापक व्हायचं होतं, पण कुठं व्हायचं हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. परीक्षा तिकडची आणि बिऱ्हाड बेळगावच्या टिळकवाडीत! नेट निघायला पुढं तीन वर्षं गेली. पहिल्यांदा वर्गावर उभी राहिले तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. पेढ्यांचं मात्र अजून काढतात गल्लीत.

म्हणून मी तुम्हाला कोर्सचं माहितीपत्रक नंतर वाचायला सांगते. आधी नोकरीच्या जाहिराती वाचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, सरकारी दवाखान्यातलं एचआयव्ही समुपदेशन केंद्र, महिलांसाठीचं सखी केंद्र, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, मोठ्या रुग्णालयातला मेडिकल सोशल वर्कर, एखादी स्वयंसेवी संस्था. अशा चार-पाच जागांच्या जुन्या जाहिराती जमवा आणि 'शैक्षणिक पात्रता' ही ओळ तेवढी वहीत उतरवून काढा. मानसशास्त्राच्या शेजारी तुम्हाला एक नाव पुन्हा पुन्हा दिसेल, एमएसडब्ल्यू, समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. त्याला बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. समाजकार्याचीच पदवी घेऊन आलेल्यांना काही ठिकाणी झुकतं माप असतं, एवढं धरून चाला.

जाहिराती वाचून झाल्या की त्या जागेवर आज बसलेल्या कुणाला तरी जाऊन भेटा. फोनवर नको, समोर बसून. कंत्राट किती महिन्यांचं, पगार वेळेवर होतो का, दिवसाचे किती तास माणसांशी बोलण्यात जातात आणि किती रजिस्टर भरण्यात, हे विचारा. सिव्हिल हॉस्पिटलला गेलात तर दुपारी तीननंतर जा, सकाळी ओपीडीच्या गर्दीत कुणी मान वर करत नाही.

एमएसडब्ल्यूबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुम्हाला शोभेल ते हेच असं माझं मत आहे. दोन वर्षं, चार सेमिस्टर. वर्गात बसणं त्याचा एक भाग, खरा कणा म्हणजे फील्डवर्क. साधारण आठवड्याचे दोन दिवस एखाद्या संस्थेत, दवाखान्यात, वस्तीत जायचं. गेल्यावर काय पाहिलं, काय बोललात, काय चुकलं, ते लिहून मार्गदर्शकाला दाखवायचं. तो लाल शाईनं विचारतो, 'त्या बाई गप्प झाल्या तेव्हा तुम्ही लगेच का बोललात?' मग शेवटी महिनाभर एका जागी राहून काम, त्याला ब्लॉक प्लेसमेंट म्हणतात. स्पेशलायझेशन बहुतेक तीन दिशांची असतात. एक वैद्यकीय आणि मनोरुग्ण समाजकार्य, दुसरं ग्रामीण किंवा समुदाय विकास, तिसरं मनुष्यबळ आणि कामगार कल्याण. तिसऱ्याकडं नाक मुरडू नका. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाचशे किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्याला कल्याण अधिकारी ठेवावा लागे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत तो आकडा अडीचशेवर आला आहे. आपल्या उद्यमबागेतली बरीचशी युनिटं त्याहून लहान आहेत, हेही खरं. मिस्टरांच्या कंपनीत किती जण आहेत ते त्यांनाच विचारा.

इथं एक सावधगिरी. समाजकार्य दूरशिक्षणातूनही शिकवलं जात आलं आहे आणि ते तुम्हाला सोयीचं वाटेल. पण वैद्यकीय आणि मनोरुग्ण समाजकार्य करणारे त्या २०२१ च्या कायद्याच्या यादीत आहेत. दवाखान्यात काम करायचं मनात असेल, तर नियमितच करा. पुढं कुणी कागद उलटंपालटं करून 'चालत नाही वो' म्हणायला नको.

कुठं, म्हणाल तर आधी बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि त्याच्याशी जोडलेल्या कॉलेजांत चौकशी करा, मग धारवाडला कर्नाटक विद्यापीठात. खानापूरहून लोंढा-अळणावर करत रेल्वेनं धारवाड गाठता येतं, पण रोज जाऊन-येऊन ते जमणार आहे का, हे महिनाभर आधी आठवड्यातून एकदा तरी जाऊन बघा. पावसाळ्यातला दिवस निवडा. एक बारीक गोष्ट: राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं २०१० मध्ये आणि तुमची पदवी त्याआधी सुरू झालेल्या बॅचची, म्हणजे ती धारवाडच्या नावावर असणार. बेळगावात प्रवेश घेताना मायग्रेशन सर्टिफिकेट मागतील. ते आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये रांग असते.

कोल्हापूरकडं ओढा असेल तर तिथं 'सायबर' नावाच्या संस्थेत एमएसडब्ल्यू आहे. महाराष्ट्र सरकारनं दावा सांगितलेल्या ८६५ गावांत तुमचं गाव असेल, तर तिकडच्या प्रवेशांत आणि सरकारी नोकरीच्या जाहिरातींतही सीमाभागातल्या मराठी उमेदवारांसाठी तरतूद असते. नोकरीला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. पण ताई, मी सेटच्या वेळी जी चूक केली ती करू नका. मिस्टर उद्यमबागेत, मुलगी इथल्या शाळेत, म्हणजे तुमची नोकरी इथं. मग शिक्षण, ओळखी, फील्डवर्कची संस्था सगळं इथलं असलेलं बरं. फील्डवर्कला जिथं जाल, तिथंच नोकरीची पहिली खबर लागते.

इथलं म्हटलं की कन्नड आलं. तुम्ही त्याबद्दल पत्रात काही लिहिलं नाही, म्हणून मीच काढते. खानापूरकडच्या मराठी शाळेत शिकलेल्या माणसाचं कन्नड बाजारापुरतं असतं, माझंही तसंच होतं. एनु, एष्टु, साकु, म्हणजे काय, किती, पुरे. एवढ्यावर भाजी मिळते. नवऱ्यानं मारलेली बैलहोंगलची बाई रडत सांगत असेल तर तेवढ्यानं भागत नाही. मराठी माणसानं कन्नड शिकावं म्हटलं की आपल्याकडं भुवया वर जातात, एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळ्या फिती लावून फेरीत चालणाऱ्या घरातली मीही आहे. सीमाप्रश्न कोर्टात आहे, तो तिथं लढू. टेबलापलीकडच्या बाईला तिच्या भाषेत विचारायचं, हे कामाचं हत्यार आहे. शिवाय कर्नाटकातल्या सरकारी नोकरीला शाळेत कन्नड नसलेल्यांना कन्नडची परीक्षा पास व्हावीच लागते. आजपासून सोसायटीत कन्नड बोलणारे कर्जदार तुम्ही घ्या, सहकाऱ्याकडं सरकवू नका. फुकटची शिकवणी आहे.

आता तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींशी मी भांडणार आहे.

पहिली. 'बारा वर्षं वाया गेली.' कुणी सांगितलं? पिग्मीचे पैसे मोजण्यापासून तारण, जामीनदार, थकबाकी, पुनर्रचना हे सगळं तुम्हाला झोपेत विचारलं तरी येतं. वर्गातल्या बावीस वर्षांच्या मुलीला 'कर्जबाजारी कुटुंब' हा धडा असेल, तुम्हाला त्याची शंभर तोंडं आठवतील. बेळगाव जिल्ह्यात मायक्रोफायनान्सच्या वसुलीनं बायका किती जेरीस आल्या ते तुम्ही जवळून पाहिलं असणार. त्या प्रकारांमुळंच कर्नाटक सरकारला २०२५ च्या फेब्रुवारीत सक्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला, दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड अशा शिक्षा त्यात ठेवल्या, पुढं त्याचा कायदा झाला. कायदा आला, पण एका बाईच्या डोक्यावर चार ठिकाणचे हप्ते असतील तर त्यातला कुठला आधी, कुठला नंतर, कुणाशी काय बोलायचं, हे समजावणारं माणूस खेड्यात कुठं आहे? रिझर्व्ह बँकेनं २०१७ पासून तालुक्यांच्या पातळीवर आर्थिक साक्षरता केंद्रं स्वयंसेवी संस्थांमार्फत चालवायला घेतली आहेत. हिशेब कळणारी आणि माणूस कळणारी अशी एकच व्यक्ती त्यांना सहज मिळत नाही. मानसशास्त्राच्या रांगेत तुम्ही शेवटून उभ्या राहाल. या रांगेत तुम्ही आजच पुढं आहात. बी.कॉम. आणि बारा वर्षं पुसून टाकून कोरी पाटी घेऊन जाऊ नका, ती पदवी आणि ती वर्षं सोबत घेऊन जा.

दुसरी गोष्ट जरा बोचेल. त्या बायका तुमच्यापाशी रडतात, कारण तुम्ही ऐकता. मान्य. पण तुमच्या टेबलावर शिक्काही आहे. हप्ता कमी करून द्यायची, मुदत वाढवायची, संचालकांच्या कानावर घालायची ताकद तुमच्याकडं आहे. त्या तुमच्याशी बोलतात त्यात ऐकण्याचा वाटा किती आणि शिक्क्याचा किती? समुपदेशकाच्या टेबलावर शिक्का नसतो. बाई येते, बोलते, रडते, आणि घरी त्याच दारुड्याकडं परत जाते. पुढच्या आठवड्यात तेच सांगते. तुम्ही तिचा हप्ता कमी करू शकत नाही. पहिल्या वर्षी हे फार जड जातं, माझ्या एका विद्यार्थिनीनं याच कारणानं हे काम सोडलं. ती वाईट नव्हती, तिला गोष्टी निकालात काढायची सवय होती. हिशेबातल्या माणसाला संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय झोप येत नाही ना? इथं कॅश जुळत नाही.

याची परीक्षा नोकरी न सोडता करता येते. सोसायटीच्या चेअरमनना सांगा, आठवड्यातली एक दुपार कुठलाही निर्णय न घेता फक्त अडचणीतल्या सभासदांशी बोलेन, पुनर्रचनेचा कागद दुसरं कुणी बघेल. शिक्का बाजूला ठेवून सहा महिने बसून बघा. किती जणी येतात आणि तुम्हाला संध्याकाळी कसं वाटतं, ते रोज चार ओळी लिहून ठेवा. तीच वही पुढं मुलाखतीत उपयोगी पडेल.

आता पैशाचं. सगळे फी किती म्हणून विचारतात. तुमच्या बाबतीत फी हा मोठा खर्चच नाही. सतरा हजार गुणिले चोवीस महिने करा, चार लाख आठ हजार होतात. तुमची खरी फी ती, बाकीचा जाण्या-येण्याचा खर्च वेगळा. आणि दोन वर्षांनी मिळणारी पहिली नोकरी बहुधा कंत्राटी असेल, पगार आजच्याइतका असेलच असं नाही. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगितलं.

तुम्ही रोज कर्जाचे अर्ज तपासता. एक अर्ज स्वतःचा भरा. कर्जाचा उद्देश: शिक्षण. रक्कम: चार लाख आठ हजार अधिक फी अधिक प्रवास. परतफेड कुठून? जामीनदार कोण? समोर दुसरी बाई बसली आहे असं समजून छाननी करा. तुम्ही तिला मंजूर केलं असतं का? 'कागद अपुरे' असा शेरा मारला असता, तर कोणते कागद कमी आहेत तेही लिहा.

आणि हप्ता भरायची सवय आहे का, हे बघायला या महिन्यापासून तुमचा पगार घरात वापरू नका. मिस्टरांच्या पगारात सहा महिने घर चालवून बघा. चाललं तर तुमच्या खात्यात एक लाख दोन हजार साठतील आणि दोन वर्षं निघतील की नाही याचं उत्तरही मिळेल. नाही चाललं, तर फार काही बिघडलं नाही, नोकरी शाबूत आहे. राजीनाम्याचा विषय त्यानंतर, आणि तेव्हाही आधी बिनपगारी रजा मागा. लहान संस्थांत माणूस परत हवं असेल तर कधी कधी देतात.

मिस्टर 'कर' म्हणाले, फार चांगलं. पण ते कशाला म्हणाले? साठ हजारांत, घरी बसून, पगार चालू ठेवून होणाऱ्या कोर्सला. सकाळी सातला घराबाहेर, संध्याकाळी सातला परत, पगार बंद, शनिवारी वस्तीत फील्डवर्क, असं दोन वर्षं, याला त्यांनी अजून 'कर' म्हटलेलं नाही. त्यांना पुन्हा विचारा, आकडे समोर ठेवून. नवरा चांगला असला की आपण अर्धंच विचारतो आणि पूर्ण होकार धरून चालतो. मीही धरला होता. नऊ वाजता लॅबमधून येऊन पुस्तक उघडलं की आमच्याकडं भांड्यांचा आवाज वाढायचा.

सासूबाईंच्या वाक्याचा मी तुमच्याइतका राग धरणार नाही. 'या वयात काय शिकायचं' याच्या पोटात 'पोरीला शाळेतून कोण आणणार' असू शकतं. वयावर वाद घालू नका, कोण आणणार त्याचं उत्तर घेऊन जा. रिक्षा लावली, शेजारच्या मुलीबरोबर पाठवली, काहीतरी. मग वयाचा मुद्दा किती उरतो बघा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. हसले नाही.

हो, लाज वाटेल. पहिले पंधरा दिवस. नेटच्या शिकवणीला गेले तेव्हा मला वर्गातल्या पोरांनी आधी शिकवणाऱ्या बाई समजून उभं राहून नमस्कार केला होता, आणि मी मागच्या बाकावर जाऊन बसल्यावर सगळा वर्ग वळून बघत होता. कुणी 'काकू' म्हणेल, कुणी 'आंटी' म्हणेल. बसस्टँडवर तुमच्या गल्लीतली कुणी विचारेलच, "वही घेऊन कुठं जाऊलालीस गे?" सांगून टाका. पोरांना हळूहळू कळतं की वस्तीत गेल्यावर दार उघडून आत बोलावतात ते काकूला, त्यांना नाही. पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या आधी ती सगळी तुमच्या नोट्स मागायला येतील. द्या, पण झेरॉक्सचे पैसे आधी घ्या.